लंडनचं ऑलिम्पिक पार्क की म्युनिकचं? आजी-नातवंडांना घेऊन जाणाऱ्यांसाठी

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या समोर राहणारं जोडपं गेल्या आठवड्यात चहाला आलं ते वही घेऊनच. मे महिन्याच्या सुट्टीत युरोपला जायचं ठरलंय. बायकोचा भाऊ लंडनला असतो, नवऱ्याचा मावसभाऊ म्युनिकला. राहायची सोय दोन्हीकडे आहे, पण दोन्ही व्हिसे काढून दोन्ही देश करायचे म्हटलं की हिशोब हाताबाहेर जातो. बरोबर आठ वर्षांचा मुलगा, पोहण्याच्या स्पर्धांना जाणारी तेरा वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांनी बेजार झालेली आजी. "काका, तुम्ही दोन्हीकडची ऑलिम्पिकची मैदानं बघून आलाय. पोरांना मैदान दाखवायचंच आहे. एकच करायचं तर कुठलं?"

मला फार बरं वाटलं. एकतीस वर्षं मी शाळेत पीटी शिकवली. राजवाडे आणि बाजार सोडून कुणी मैदानाची चौकशी करायला येतं, हे रोज घडत नाही. लंडनला मी मे २०२३ मध्ये लेकीकडे गेलो होतो, म्युनिकला जून २०२५ मध्ये भाच्याकडे. दोन्ही वेळेला माझी थोरली बहीण बरोबर होती, आम्ही तिला आक्का म्हणतो. ती पंच्याहत्तरीची आहे आणि काठी घेऊन चालते. लंडनला सात वर्षांचा नातू होता, म्युनिकला भाच्याची बारा वर्षांची मुलगी. म्हणजे समोरच्यांच्या घरात जितक्या वयाची माणसं आहेत, तितक्या वयाच्या माणसांबरोबर मी या दोन्ही बागा पायाखाली घातल्या आहेत. त्यांना तासभर जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतोय. आपल्याकडची पुष्कळ घरं आता मुलाबाळांकडे परदेशी जातात आणि टूरवाले या दोन जागा सहसा बसच्या खिडकीतूनच दाखवतात.

दोन्ही बागांत शिरायला तिकीट नाही. दोन्हीकडे ऑलिम्पिक झालं, लंडनला २०१२ मध्ये आणि म्युनिकला १९७२ मध्ये, आणि दोन्हीकडे ते संपल्यावर जागा कुलूपबंद न करता लोकांना वापरायला दिली. साम्य एवढंच. बाकी दिवस कसा जातो ते दोन्हीकडे अगदी निराळं आहे.

आधी तिथे काय होतं

लंडनचं पार्क पूर्व भागात, स्ट्रॅटफर्डला, ली नदीच्या फाट्यांमध्ये पसरलंय. साधारण ५६० एकर. एकरात सांगितलं की आपल्याकडे लगेच अंदाज येतो. पूर्वी तिथे कारखाने, गोदामं, भंगार आणि टाकून दिलेल्या फ्रिजचा डोंगर होता. तेल आणि रसायनं मुरलेली माती ऑलिम्पिकच्या आधी उपसून, यंत्रांत धुऊन पुन्हा तिथेच पसरली, लाखो टन माती. काही माणसंही हलवली. क्लेज लेन नावाची सहकारी वसाहत २००७ मध्ये उठवून पाडली, हेही बाग बघताना लक्षात असू द्यावं. २०१२ चे खेळ झाले, मग तात्पुरती बांधलेली मैदानं उतरवली. बास्केटबॉलचं सभागृह सुटं करून काढून नेलं, हॉकीचं मैदान उत्तरेला सरकवलं. एप्रिल २०१४ मध्ये सगळी बाग लोकांना खुली झाली. खेळाडू राहिले त्या इमारतींत आता भाडेकरू आणि मालक राहतात, त्यांचे कपडे गॅलरीत वाळत असतात.

म्युनिकची जागा त्याहून जुनी. तिथे आधी सैन्याचं संचलनाचं मैदान होतं, मग विमानतळ. दुसऱ्या महायुद्धात शहरावर बॉम्ब पडले आणि पडलेल्या घरांचा राडारोडा गाड्या भरभरून याच मोकळ्या माळावर आणून टाकला. ऑलिम्पिक मिळाल्यावर तो ढीग हलवला नाही. त्याला उतार दिले, माती घातली, गवत आणि झाडं लावली. आज बागेच्या मधोमध जो हिरवा डोंगर दिसतो, भोवतालच्या जमिनीपेक्षा पन्नास-साठ मीटर उंच, त्याच्या पोटात ती घरं आहेत.

हे भाच्याने आक्काला वर पोचल्यावर सांगितलं. अर्धा डोंगर ती माझ्या दंडाला धरून चढली होती, दोनदा बाकावर बसली होती. ऐकून तिने काठी जरा उचलून पुन्हा टेकवली. "म्हंजे आपण कुणाच्या तरी सैपाकघरावर उभं आहोत," म्हणाली. आम्ही दोघंही गप्प झालो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आक्काचं गावभागातलं घर माळ्यापर्यंत पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर गल्लीत गाद्या, कपाटं, पोथ्या, धान्याची कोठी असा ढीग लागला आणि ट्रॅक्टर तो कुठे घेऊन गेला ते आम्हाला आजवर माहीत नाही. म्युनिकच्या लोकांना माहीत आहे. ते रविवारी त्याच्यावर पोरांना घेऊन बसतात.

लंडनमध्ये असा क्षण आला नाही. तिथलं काम मोठं आहे, कौतुकाचं आहे, पण जमीन इतकी स्वच्छ केली आहे की आधीचं काही पायाला लागत नाही.

लांबट बाग आणि वाटीसारखी बाग

निवड करताना माझ्या मते सगळ्यात जास्त वजन याला द्यावं, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही.

लंडनचं पार्क नदीच्या कडेने दक्षिण-उत्तर लांबट आहे. दक्षिणेला मोठं स्टेडियम, पोहण्याचा तलाव, लाल लोखंडाचा ऑर्बिट मनोरा आणि जमिनीतून उसळणारी कारंजी. उत्तरेला सायकलींची इमारत, मुलांचं मोठं खेळांगण आणि नदीकाठची रानफुलं. या टोकाकडून त्या टोकाला मोठ्या माणसाला वीस-पंचवीस मिनिटं, आक्काच्या चालीने पाऊण तास. रस्ते सपाट आणि गुळगुळीत आहेत, चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी सहज जाते. पण होतं काय, एकाला पोहायचं असतं, दुसऱ्याला मातीत खेळायचं असतं, तिसऱ्याला बसायचं असतं, आणि या तिन्ही जागा एकमेकींपासून दिसत नाहीत. आमची अकराच्या सुमाराला फाटाफूट झाली ती चारला स्टेशनवर भेट. मधले पाच तास फोनवर "कुठे आहेस, पूल ओलांडलास का" हेच चाललं होतं. आक्का आणि मी एका बाकावर एवढा वेळ बसलो की समोरच्या हंसांची पिल्लं आमच्या ओळखीची झाली.

म्युनिकची बाग वाटीसारखी आहे. तळाशी तलाव. एका बाजूला तो डोंगर, दुसऱ्या बाजूला स्टेडियम, सभागृह आणि पोहण्याची इमारत, तिन्ही एकाच काचेसारख्या तंबूखाली. ते छप्पर वास्तुशिल्पी ग्युंटर बेनिश आणि फ्राय ओटो यांच्या कल्पनेतलं. पोलादी तारांचं जाळं खांबांवरून ताणून त्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचे तुकडे बसवलेत, सुमारे ७५ हजार चौरस मीटर. फोटोत ते थंड वाटतं. प्रत्यक्षात त्याच्याखाली उभं राहिलं की उन्हात ताणून बांधलेल्या मांडवाखाली आल्यासारखं वाटतं, आणि खांब-तारा बघून आमच्यासारख्यांना पटकन मंडपवाल्याची आठवण होते. दोर ताणणं, खुंटा ठोकणं, पावसाचं पाणी कुठल्या कोपऱ्याला काढायचं, तीच विद्या मोठी करून वापरली आहे.

तर या वाटीत तुम्ही तलावाकाठी आजीला बसवलं की तिला सगळं घर दिसतं. पोरगं पायडलच्या बोटीत आहे, सून डोंगराच्या निम्म्यात पोचली आहे, नात गवतावर आडवी पडली आहे. हाक मारली तर ऐकूही जाते. म्युनिकच्या आयोजकांनी त्या वेळी हिरवाईतलं आणि आखूड अंतरांचं ऑलिम्पिक करायचं ठरवलं होतं. ग्युंथर ग्रिमेक या आखणीकाराचं म्हणणं होतं की गवत हे तुडवण्यासाठीच आहे, लोकांनी त्यावर बसावं, लोळावं, वाट हवी तिथून पाडावी. "हिरवळीवर चालू नये" अशी पाटी आम्हाला दिवसभरात दिसली नाही. आक्का चपला काढून गवतावर बसली आणि दोन तास उठायचं नाव घेईना.

तीन पिढ्यांचं, वेगवेगळ्या चालीचं घर घेऊन जाताय तर म्युनिक. नवरा-बायको आणि धावणारी पोरं एवढंच असेल तर लंडनची लांबी अडचणीची नाही, उलट मौजेची आहे.

लहान मुलांचा दिवस

इथे लंडन सरळ पुढे आहे, आडपडदा न ठेवता सांगतो.

उत्तर भागात टम्बलिंग बे नावाचं खेळांगण आहे. ओंडक्यांवर चढायचं, दोरांच्या पुलावरून जायचं, वाळूत खड्डे करायचे, पाण्याला बांध घालायचा. पंप हातात आल्यावर नातवाने तिथल्या चार अनोळखी पोरांना घेऊन धरण बांधलं. भाषा एकाचीही दुसऱ्याला कळत नव्हती, पण "इकडून फुटलंय" हे सगळ्यांना कळत होतं. पँट, बूट, मोजे सगळं ओलं. कपड्यांचा जादा जोड घेतला नव्हता, ही आमची चूक, तुम्ही करू नका. मे महिन्यातही तिथे वारा बोचतो.

दक्षिणेची कारंजी अशीच, फरशीतूनच पाणी उडतं. जवळच ऑर्बिट, ११४.५ मीटर उंच, मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर आणि अभियंता सेसिल बालमंड यांनी आखलेला. त्याच्या अंगाला गुंडाळलेली १७८ मीटरची नळीची घसरगुंडी २०१६ मध्ये बसवली, वरून खाली यायला साधारण चाळीस सेकंद. तिचं तिकीट वेगळं आणि महाग, आणि आम्ही गेलो तेव्हा १.३ मीटर उंचीची अट होती. नातू चार बोटांनी कमी पडला. मोजपट्टीपाशी त्याने टाचा उचलल्या, तिथल्या मुलीने हसून त्या खाली टेकवायला लावल्या. तो रडला नाही, पण परत येईपर्यंत बोललाही नाही. समोरच्यांचा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याची उंची घरीच मोजून घ्या आणि मगच त्याला घसरगुंडीचं सांगा. ऑर्बिट त्या आठवड्यात चालू आहे ना, हेही निघण्याआधी बघा.

सायकलींची इमारत, वेलोड्रोम, चुकवू नका. छप्पर दोन्ही कडांना वर वळलेलं, बटाट्याच्या वेफरसारखं, आत २५० मीटरचा पाइनच्या लाकडाचा उतरता ट्रॅक. आत जाऊन कॉफी घेत सराव बघता येतो. वळणावर सायकली भिंतीवर चढल्यासारख्या तिरप्या होतात आणि लाकडाचा घर्रर्र असा आवाज पोटात जाणवतो. मी शाळेत सायकल शर्यती घेतल्या त्या डांबरी रस्त्यावर, शेणाचे पो चुकवत. तिथे तो आवाज ऐकत मी अर्धा तास उभा होतो.

म्युनिकला लहानांसाठी बोटी आहेत, मत्स्यालय आहे, डोंगरावरून गडगडत खाली येणं आहे. आणि पूल ओलांडला की मोटारींचं बीएमडब्ल्यू वेल्ट, ज्यात शिरायला पैसे नाहीत. गाड्यांचं वेड असलेलं पोर तिथे दोन तास सहज रमतं, शेजारच्या संग्रहालयाचं मात्र तिकीट आहे. २९१ मीटर उंचीचा ऑलिम्पिक मनोरा दुरुस्तीसाठी जून २०२४ पासून बंद झाला. आम्हाला तो खालूनच बघावा लागला. फार बिघडलं नाही, डोंगरावरून शहर दिसतं आणि हवा स्वच्छ असली तर आल्प्सची रांगही. त्याच डोंगरावरून स्टेडियमच्या आतही डोकावता येतं. जुलै २०२४ मध्ये टेलर स्विफ्टचा कार्यक्रम झाला तेव्हा हजारो लोकांनी तिकिटाशिवाय या उतारावर बसून तो ऐकला. आपल्याकडे गावच्या कुस्त्यांना माणसं झाडावर आणि पत्र्यावर बसतात, त्याच जातीची ही हौस.

पोहणारी मुलगी

तिच्यासाठी दोन्हीकडे सोय आहे, आणि ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ज्या पाण्यात ऑलिम्पिक झालं त्याच पाण्यात साधं तिकीट काढून कुणीही उतरू शकतं.

लंडनचा पोहण्याचा तलाव, ॲक्वाटिक्स सेंटर, वास्तुशिल्पी झहा हदीद यांचा. खेळांच्या वेळी दोन्ही अंगांना तात्पुरते प्रेक्षागाराचे पंख जोडून १७,५०० माणसं बसवली होती. ते पंख काढले, त्या जागी काच लावली, आता २,५०० बसतात आणि दिवसभर ऊन पाण्यावर पडतं. मायकेल फेल्प्सने कारकिर्दीतली पदकांची संख्या २२ वर नेली ती याच तलावात. उडी मारण्याचे काँक्रीटचे मंच जिभेसारखे बाहेर आलेले आहेत, ते बघूनच तुमच्या मुलीला हुरूप येईल. लेक म्हणते की सकाळी सहा-सातला शेजारच्या वस्तीतले आजी-आजोबाच जास्त असतात.

म्युनिकची श्विमहाले, म्हणजे पोहण्याची इमारत, त्या तंबूखालीच आहे. १९७२ मध्ये मार्क स्पिट्झने इथे सात सुवर्णपदकं मिळवली, सातही विश्वविक्रमासह. आज ती शहराची पोहण्याची जागा आहे. एका मार्गिकेत भाच्याची मुलगी, शेजारच्या मार्गिकेत सत्तरीच्या बाई संथपणे छातीवरचे हात मारत होत्या. वर बघितलं की छपराच्या पलीकडे ढग. एक सूचना देऊन ठेवतो: जर्मनीत सौना, म्हणजे अंग शेकायच्या गरम खोल्यांच्या विभागात कपडे न घालता बसण्याची रीत असते. तो भाग वेगळा असतो, पण दारावरची पाटी वाचून आत जा, विशेषतः आजीला घेऊन.

कृष्णेत मगरी वाढल्यापासून घाटावरून पोरांना पोहायला सोडायची सोय राहिली नाही. आम्ही पाठीला डबा बांधून नदीत शिकलो, आजच्या पोरांना तलावच हवा. म्हणून ही दोन ठिकाणं बघताना मी भिंती आणि छप्पर कमी बघितलं, वेळापत्रकाचा फलक जास्त. सकाळी शाळा, दुपारी ज्येष्ठ, संध्याकाळी क्लब, मध्ये कुणीही. फलकावर रिकामी ओळ नव्हती. आपल्याकडे एखादं मैदान प्रदर्शनाला किंवा सभेला दिलं की पंधरा दिवसांनी आम्हाला परत मिळायचं ते मांडवाच्या खड्ड्यांसकट. एकदा माझ्या कबड्डीच्या पोराच्या टाचेत चार इंची खिळा गेला होता. तो मी पक्कडने काढला, त्याच्या आईला काय सांगायचं हे मात्र मला दवाखान्याच्या दारापर्यंत सुचलं नव्हतं. लंडनच्या स्टेडियमवरही गाण्यांचे कार्यक्रम होतात, म्युनिकच्या बागेत दर उन्हाळ्यात टोलवुड नावाचा मोठा महोत्सव भरतो, १९८८ पासून. पण दुसऱ्या दिवशी पोहणाऱ्याला पाणी आणि पळणाऱ्याला वाट मिळते. पोरीला हे दाखवा, तिच्या लक्षात राहील.

आपली माणसं

मी लंडनला निघालो तेव्हा मनात एकच नाव होतं, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते गेले, मॅटची सवय नसताना लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मला वाटलं होतं, लंडनच्या ऑलिम्पिक पार्कात त्यांची काही खूण असेल. नाही. १९४८ च्या कुस्त्या शहराच्या पश्चिमेला अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये झाल्या आणि ती इमारत कधीच पाडली. स्ट्रॅटफर्डचा त्या ऑलिम्पिकशी संबंध नाही. खाशाबांसाठी कुणी तिकडे जाणार असेल तर आधीच सांगितलेलं बरं. २०१२ चे कुस्तीचे सामनेही या बागेत नव्हते, ते दुसऱ्या सभागृहात झाले.

म्युनिकला आपला धागा थोडा जास्त लागतो. १९७२ मध्ये भारताच्या हॉकी संघाने कांस्यपदक मिळवलं ते याच परिसरातल्या मैदानावर. आणि त्याच वर्षी, त्याच देशात, सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरकडच्या मुरलीकांत पेटकरांनी अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला हा जवान, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. फक्त ते म्युनिकमध्ये नाही, हायडेलबर्गला. कारण असं की म्युनिकच्या क्रीडाग्रामाची घरं ऑलिम्पिकनंतर लगेच खासगी सदनिका म्हणून द्यायची ठरलेली होती आणि दुसऱ्या स्पर्धेसाठी खेळाडूंना ठेवायला जागा उरली नाही. मैदानाचा पुढचा वापर आधीच ठरवलेला असणं चांगलंच, पण त्यात कुणाला जागा राहिली नाही हेही मला तिथे फिरताना टोचत होतं.

त्याच क्रीडाग्रामात ५ सप्टेंबर १९७२ च्या पहाटे अतिरेकी शिरले. इस्रायलचे अकरा खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले, एक जर्मन पोलीसही. बाग आणि क्रीडाग्राम यांच्यामधल्या टेकाडात २०१७ मध्ये एक स्मारक केलं आहे. टेकाड कापून आत मोकळी खोली काढल्यासारखं, वर गवत तसंच. भिंत नाही, दार नाही. मधल्या खांबावर बारा जणांचे फोटो आणि प्रत्येकाच्या घरची एखादी वस्तू. भाच्याची मुलगी एकेकासमोर थांबून वाचत होती. मग तिने विचारलं, "मामाआजोबा, हे खेळायला आले होते ना?" हो म्हणालो. पुढे काय बोलावं ते मला कळेना, तिलाही उत्तर नको होतं. आम्ही बाहेर येऊन तलावापर्यंत तसेच चालत गेलो.

समोरच्यांनी विचारलं, आठ वर्षांच्या मुलाला तिथे न्यावं का. मी म्हणालो, त्याला वडिलांनी बोटीत घेऊन जावं आणि मुलीला आईने तिकडे. तेरा वर्षांच्या मुलीला हे बघू द्यावं.

खाणं, पैसे, बाकीचं

लंडनला स्टेशनातून बाहेर पडल्यावर आधी वेस्टफील्ड नावाचा प्रचंड मॉल लागतो. शाकाहारी जेवण, स्वच्छतागृह, लिफ्ट सगळं तिथे आहे, पण पोरं तिथेच अडकतात आणि बाग राहते. जाताना न थांबता पार करा, येताना थांबा. म्युनिकला रविवारी दुकानं बंद असतात, अगदी वाणसामानाचीसुद्धा. आम्ही रविवारीच गेलो आणि दुपारी पाव मिळवायला भाचा अर्धा तास हिंडला. डबा घेऊनच जा. तिकडच्या बियर गार्डनमध्ये पेय विकत घेऊन स्वतःचा डबा उघडायची जुनी पद्धत आहे, फक्त टेबल त्यासाठीचं आहे ना ते विचारा. सरबताच्या पेल्यांबरोबर आम्ही मेथीची थालीपिठं आणि भडंग खाल्लं, शेजारच्या आजोबांनी भडंग मागून घेतलं. आणि म्युनिकला स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी खिशात ठेवा.

प्रवास दोन्हीकडे सोपा. लंडनला मेट्रोत अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. म्युनिकला पाच जणांचं दिवसाचं एकच तिकीट निघतं, त्यात सहा ते चौदा वर्षांची दोन मुलं एक मोठा माणूस धरतात. म्हणजे समोरचं सगळं घर एका तिकिटात बसतं. यू-३ मेट्रो गाडी थेट बागेपाशी सोडते. व्हिशाला दोन्हींसाठी पुण्याला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे आहेत. शेंगेनला, म्हणजे म्युनिकसाठीच्या व्हिशाला, मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वयाला ४५. ब्रिटनला लहानांना सवलत नाही. लंडनला स्टेडियमवर सामना असेल त्या दिवशी जाऊ नका, स्ट्रॅटफर्ड स्टेशनात मुंगीला वाट नसते.

आणखी एक लंडनच्या बाजूने. आम्ही जाऊन आल्यावर, मे २०२५ मध्ये, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (व्ही अँड ए) संग्रहालयाने तिथे आपलं कोठार लोकांना उघडलं, २०१२ च्या पत्रकारांसाठी बांधलेल्या इमारतीत. फुकट आहे. पाऊस आला तर लंडनला आता आडोसा आहे, म्युनिकला छत्री.

मी त्यांना काय सांगितलं

आजी बरोबर नसती तर लंडनच म्हटलं असतं. आठ वर्षांच्या मुलाला तिथला दिवस जास्त रंगेल, यात मला शंका नाही. पण या घरात आजी आहे आणि तिला बाकावर एकटी बसवून बाकीच्यांनी बाग बघावी, असं त्यांच्यातल्या कुणालाच नको आहे. म्हणून मी म्युनिक सांगितलं. मुलगा जरा हिरमुसला, मग बीएमडब्ल्यूचं कळल्यावर सावरला. मुलीने स्पिट्झचं नाव वहीत लिहून घेतलं आणि पोहण्याची टोपी तिकडे सक्तीची आहे का ते विचारलं. मी म्हणालो, असो वा नसो, आपली घेऊन जा.

आजी तोवर गप्प होत्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "डोंगराच्या निम्म्यापर्यंत बाकं आहेत म्हणालात ना?" आहेत. आक्का ज्या दोन बाकांवर बसली त्यांच्या जागा मी वहीच्या मागच्या पानावर त्यांना काढून दिल्या आहेत.